शाळेसमोरच्या रस्त्यासाठी प्रेझेंटेशन दिलं, "छान माहिती" म्हणून मोकळे झाले. आता काय करू?

अर्धविराम (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या मुलांच्या शाळेसमोरून एक सरळसोट रस्ता जातो, वळण नाही काही नाही, त्यामुळे गाड्या सुसाट असतात आणि शाळा सुटली की पोरं दोन्ही बाजूंनी एकदम रस्त्यावर. आम्ही आठदहा पालक एकत्र आलो, रस्त्यांचं बघणारी जी स्थानिक समिती आहे तिच्याकडे वेळ मागितली, वीस मिनिटं मिळाली. मी महिनाभर रात्री जागून ३४ स्लाइड्स केल्या. पहिल्या नऊ स्लाइड्स आम्ही कोण, एकत्र कसे आलो, समस्येची पार्श्वभूमी वगैरे. मग जगभरची आकडेवारी, मग इतर देशांत काय करतात, मग सर्व्हे. बाविसाव्या स्लाइडवर असताना अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं आणि मी घाबरून पटापट पुढे ढकलायला लागले. आमच्या मागण्या ३१ व्या स्लाइडवर होत्या. तिथपर्यंत पोचलेच नाही.

शेवटी "छान माहिती दिलीत, अभ्यास दिसतोय" असं म्हणाले आणि पुढचा विषय घेतला.

आता सहा आठवड्यांनी परत दहा मिनिटं मिळालीयत. मला डिझाइनमधलं फार कळत नाही. एखादं चांगलं टेम्प्लेट, रंगसंगती सुचवाल का?

रातकिडा

ताई, टेम्प्लेटचं सोडा. "छान माहिती" हा सभ्य भाषेतला नकार असतो, आणि खरं सांगायचं तर तो नकारही नाही, कारण नाकारायला समोर काही ठेवलंच नव्हतं. एकच विचारतो. त्या दिवशी त्यांनी कशाला हात वर करावा अशी तुमची अपेक्षा होती? एका वाक्यात सांगा.

अर्धविराम

रस्ता मुलांसाठी सुरक्षित करावा.

रातकिडा

याला नाही कोण म्हणेल? आणि हो म्हणून उद्या सकाळी नेमकं काय करेल? तिथेच गाडी अडलीय तुमची.

जुना_प्रोजेक्टर

रातकिड्याला +१. आकडे सगळ्यांना दाखवता येतात, पण चित्र पाहिजे चित्र! १८५४ ची लंडनची कॉलऱ्याची साथ आठवा. डॉक्टर जॉन स्नो यांनी नकाशावर मृत्यूच्या खुणा केल्या, सगळ्या एकाच पंपाभोवती दिसल्या, नकाशा अधिकाऱ्यांपुढे ठेवला आणि पंपाचं हँडल काढलं गेलं. एक चित्र आणि खेळ खलास. ३४ स्लाइड्स कशाला?

टिंबटिंब

प्रोजेक्टरराव, गोष्ट छान आहे पण क्रम उलटा लागलाय (आणि हा उलटा क्रम प्रत्येक प्रेझेंटेशनच्या कोर्समध्ये सांगतात, म्हणून माझा जीव वरखाली होतो). हँडल निघालं ८ सप्टेंबर १८५४ ला. नकाशा लोकांपुढे आला तो नंतर, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, आणि छापला गेला १८५५ मध्ये. ७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो जेव्हा तिथल्या पॅरिशच्या (म्हणजे स्थानिक कारभार बघणाऱ्या) मंडळापुढे गेले तेव्हा त्यांच्याकडे होती मृत्यूनोंदींतून काढलेली यादी. तीन दिवसांत ८३ मृत्यू, आणि घरोघर फिरून विचारलेलं की पाणी कुठलं पीत होता. बहुतेक घरं ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाजवळची. मंडळातल्या लोकांना त्यांचा सिद्धांत पटला होता असंही नाही, तेव्हा बहुतेक जण कॉलरा दूषित हवेने होतो असंच मानत होते.

तरीही हँडल निघालं. का? कारण मागणी एका पंपाच्या एका हँडलची होती. ते काढणं त्यांच्याच हातात होतं, दुसऱ्या दिवशी जमणारं होतं, आणि चूक ठरली असती तर परत बसवता आलं असतं. "शहराचं पाणी शुद्ध करा" असं म्हणाले असते तर त्यांनाही बहुधा "छान माहिती" ऐकावं लागलं असतं.

(साथ तोवर ओसरायला लागली होती हे स्नो यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे माणूस प्रामाणिकही होता.)

रातकिडा

वा टिंबटिंब, दंडवत. ताई, तुमच्या रस्त्याचं हँडल शोधा.

अर्धविराम

बाप रे, झोपायच्या आधी बघितलं आणि आता झोप उडाली. जुनी ३१ वी स्लाइड उघडली, तिथे सहा मागण्या आहेत: वेगमर्यादा ५० वरून ३०, उंच केलेलं क्रॉसिंग, रेलिंग, सिग्नल, शाळेच्या वेळेत एक माणूस, आणि फुटपाथ रुंद करणं. सगळ्या खऱ्याच आहेत हो. कुठली टाकू?

रातकिडा

टाकायची एकही नाही. त्यातलं ही समिती स्वतःच्या सहीने काय करू शकते तेवढं शोधा. ऑफिसात जाऊन जो माणूस फाइली फिरवतो त्याला विचारा, अध्यक्षांना नको. बाकीच्या मागण्या खिशात ठेवा, त्या कुठे पळून जात नाहीत.

अर्धविराम

चार दिवसांनी लिहितेय. विचारून आले. कायमची वेगमर्यादा बदलायला वरची मंजुरी लागते. सिग्नल आणि फुटपाथ बजेटमध्ये, म्हणजे पुढच्या वर्षावर. पण शाळेपुढच्या ४०० मीटरच्या तुकड्यावर तात्पुरते बोर्ड आणि अडथळे लावून तीन महिन्यांचा प्रयोग समिती स्वतःच्या अधिकारात करू शकते!! हे मला महिनाभर अभ्यास करून कळलं नव्हतं, आणि त्या गृहस्थांनी उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगितलं.

मास्तरीण

झालं की मग. आता मागूनपुढे बांधा. शेवटची स्लाइड आधी लिहा: "शाळेपुढच्या ४०० मीटरवर तीन महिने ३० ची मर्यादा, प्रयोग म्हणून." मग प्रत्येक स्लाइडला विचारा, बाई तू या वाक्याला मदत करतेस का? नाही म्हणाली की घरी पाठवा. "आम्ही कोण" वाल्या नऊ स्लाइड्स पहिल्या झटक्यात जातील.

क्रमासाठी एक जुना साचा आहे, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात ॲलन मन्रो म्हणून शिकवायचे त्यांनी १९३० च्या दशकात मांडलेला. आधी लक्ष वेधा, मग गरज दाखवा, मग उपाय, मग तो उपाय केला तर (किंवा न केला तर) काय होईल ते डोळ्यापुढे उभं करा, आणि शेवटी कृती सांगा. आपल्याकडचे बहुतेक लोक गरजेतच दीड तास घालवतात आणि चौथी पायरी तर खातातच. खरं तर समितीला चौथीच हवी असते, "हे केल्यावर उद्या माझ्या टेबलावर काय येणार आहे".

दुसरं म्हणजे शीर्षकं. तुमच्या जुन्या स्लाइड्सची शीर्षकं काय होती? "वेगाची समस्या", "आकडेवारी", "सर्वेक्षण" असंच ना? ही शीर्षकं नाहीत, कपाटाच्या कप्प्यांवरची लेबलं आहेत. शीर्षकात अख्खं वाक्य लिहा, क्रियापदासकट. आणि शीर्षक चुकीचं असेल तर काय होतं त्याचं एक भयंकर उदाहरण सांगते. २००३ मध्ये कोलंबिया अवकाशयान उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा आदळून जखमी झालं होतं. यान वर असतानाच इंजिनियरांनी धोक्याबद्दल एक स्लाइड केली, तिचं शीर्षक वाचणाऱ्याला दिलासा देणारं, की चाचण्यांचा डेटा सावधपणाच्या बाजूला आहे. आणि सगळ्यात खाली, बुलेटच्या आतल्या बुलेटमध्ये, बारीक अक्षरात असं की आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्यापेक्षा कितीतरी मोठा होता. घनफळाने पाहिलं तर ३ घन इंचाला १९२०, म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं, सातही जण गेले. एका स्लाइडमुळे गेले असं कुणी म्हणणार नाही, पण नंतरच्या चौकशी मंडळाने त्या स्लाइडवर अहवालात स्वतंत्र ताशेरे ओढले. महत्त्वाचं वाक्य तळाशी होतं आणि वरचं शीर्षक झोपवणारं.

खडूचा_तुकडा

धागा मस्त चाललाय. एक कळलं नाही, त्या रस्त्यावर गाड्या किती वेगाने जातात हे कुणी मोजलंय का? की "सुसाट" हेच माप आहे?

अर्धविराम

सर्व्हेत ९१ टक्के पालकांनी "फार वेगाने" असं लिहिलंय.

खडूचा_तुकडा

पालक तसं म्हणणारच. समितीतला कुणीही उठून म्हणेल की पालकांना बैलगाडीही वेगात वाटते. मोजा. काही लागत नाही, टेप, खडू आणि मोबाइल.

रस्त्याच्या कडेला ५० मीटर अंतरावर दोन खुणा करा, पायाने मोजू नका, टेपच लावा. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खुणेवर आलं की स्टॉपवॉच सुरू, दुसऱ्या खुणेवर बंद. ६ सेकंद लागले म्हणजे वेग ३०. साडेचार सेकंद म्हणजे ४०. ३.६ सेकंद म्हणजे ५०. बरोब्बर ३ सेकंद म्हणजे ६०. हा तक्ता तळहातावर लिहून ठेवला तरी चालतो. बोट मागेपुढे होतं त्यामुळे ५० च्या आसपास दोनतीन किलोमीटरची चूक येते, ती नको असेल तर दोन्ही खुणा दिसतील असा मोबाइल स्टँडवर लावून व्हिडिओ घ्या आणि घरी बसून फ्रेम मोजा, सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर ५० च्या गाडीला १०८ फ्रेम लागतात. गाडी समोरून न दिसता आडवी दिसली पाहिजे, आणि तुम्ही झाडाआड किंवा गेटच्या आत उभे राहा, कारण कुणी मोजतंय असं दिसलं की सगळे शहाण्यासारखे चालवतात.

शंभरेक गाड्या तरी घ्या. सरासरी काढू नका! सरासरीत सायकलच्या मागे अडकलेली गाडीपण येते. सगळे वेग चढत्या क्रमाने लावा आणि शंभरातला पंच्याऐंशीवा बघा. वाहतुकीचे इंजिनियर हाच आकडा बघतात, त्यामुळे समितीत कुणी इंजिनियर असेल तर तो आकडा ऐकून सरसावून बसेल.

उलटतपासणी

मी रोज अशाच एका रस्त्यावरून गाडी चालवतो आणि शाळेपुढे स्पीडब्रेकर आला की शिव्या घालतो, म्हणून विरोधी पक्षाची खुर्ची मी घेतो. मी त्या समितीत असेन तर मला तीन गोष्टी विचारायच्यात. एक, लोकांचा वेळ किती जाणार. दोन, अँब्युलन्सचं काय. तीन, आज तुम्हाला दिलं तर उद्या प्रत्येक शाळा येणार, मग काय करू. यातल्या एकाचंही उत्तर तुमच्या ३४ स्लाइड्समध्ये नसेल याची मला खात्री आहे.

अर्धविराम

नाहीये. 😐

खडूचा_तुकडा

पहिल्याचं गणित आत्ता करू. ४०० मीटर. ५० ने गेलं तर २९ सेकंद, ३० ने गेलं तर ४८. म्हणजे १९ सेकंद. उलटतपासणी साहेब, तुमचे १९ सेकंद घेतोय.

उलटतपासणी

१९ सेकंद?! मला दोनतीन मिनिटं वाटत होती. बरं, ही स्लाइड ठेवाच, आणि आकडा अख्ख्या पडद्यावर एकटा ठेवा, बाजूला घड्याळाचं चित्रबित्र नको.

अँब्युलन्ससाठी: उंचवट्याला गॅप ठेवलेले प्रकार असतात, मोठ्या गाडीची चाकं गॅपमधून दोन्ही बाजूंनी जातात आणि लहान गाडीचं एक तरी चाक वर चढतं. ते सुचवा. आणि तिसऱ्यासाठी तर "प्रयोग" हा शब्दच उत्तर आहे, तीन महिन्यांनी आकडे बघा आणि मग बाकीच्या शाळांचं ठरवा. पण हे आक्षेप तुम्ही स्वतःच मांडा, त्यांच्या तोंडून यायची वाट बघू नका. समोरच्याने आक्षेप बोलून दाखवला की त्याला तो धरून ठेवावा लागतो, इज्जतीचा प्रश्न होतो. आधी तुम्हीच म्हणालात की "तुमच्या मनात वेळेचा प्रश्न असेल" तर त्याला मान डोलवायला जागा राहते.

जुना_प्रोजेक्टर

नकाशावर तोंडावर पडलो, आता सांभाळून बोलतो. पण चित्राचा मुद्दा सोडत नाही. शाळा सुटताना रस्ता ओलांडणाऱ्या लहान मुलीचा फोटो, पूर्ण पडद्यावर, एक शब्द नाही. बघू कोण घड्याळ बघतं ते. माणूस हजारांच्या आकड्याने हलत नाही, एका चेहऱ्याने हलतो, यावर संशोधनही झालेलं आहे.

१८८८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाच्या पत्रकाराने हेच केलं. झोपडपट्टीतल्या अंधाऱ्या खोल्यांचे फोटो काढले (फ्लॅश पावडर नुकतीच आली होती), काचेच्या स्लाइड्स बनवल्या आणि कंदिलाच्या प्रोजेक्टरवर लोकांना दाखवत फिरला. पॉवरपॉइंट १९८७ चं, हा त्याच्याआधी ९९ वर्षं! ज्या मलबेरी बेंडबद्दल तो ओरडत होता तो भाग शेवटी पाडून १८९७ मध्ये तिथे बाग झाली.

मास्तरीण

रीसची गोष्ट खरी, पण पूर्ण सांगा. त्या माणसांना तो रात्री झोपेतून उठवायचा, दार ढकलून आत शिरायचा, डोळ्यापुढे जाळ करून फोटो काढून निघून जायचा. कुणाला विचारलं नाही. आज एखाद्या ओळखीच्या मुलीचा चेहरा पालकांच्या परवानगीशिवाय पडद्यावर टाकला तर सगळी चर्चा त्या फोटोचीच होईल, रस्ता राहील बाजूला. आणि बाग व्हायला नऊ वर्षं लागली हेपण तुम्हीच सांगितलंत.

जुना_प्रोजेक्टर

मास्तरीणबाई, मग चेहरा नको, पाठमोरा फोटो घ्या. दप्तर दिसलं की पुरे.

टिंबटिंब

किंवा त्या मुलीच्या डोळ्यांतून रस्ता दाखवा. कॅमेरा तिच्या उंचीवर धरायचा, साधारण मीटरभर, आणि कडेला उभ्या गाड्यांच्या मधून रस्त्याकडे. समितीतले सगळे जण त्या रस्त्याने गेलेत पण त्या उंचीवरून कुणीच नाही बघितलेला. तिथून येणारी गाडी दिसतच नाही, बॉनेट दिसतं फक्त.

अर्धविराम

टिंबटिंब, आज संध्याकाळी जाऊन गुडघ्यावर बसून फोटो काढला. येणारे जाणारे बघत होते. पण फोटो बघून माझ्या नवऱ्याने विचारलं, हा कुठला रस्ता? रोज तिथूनच जातो तो.

आणि खडूचा_तुकडा, आम्ही तिघींनी दोन दिवस शाळा सुटायच्या वेळी मोजलं. ११२ गाड्या. मर्यादा ५० ची आहे आणि ७१ गाड्या तिच्यावर. पंच्याऐंशीवा आकडा ५८ आला. एक मोटरसायकल तर अडीच सेकंदात गेली, आम्हाला वाटलं बटण चुकलं, व्हिडिओत तेच.

खडूचा_तुकडा

अडीच सेकंद म्हणजे ७२. 🙏

आता यावरून एक चित्र काढा. कोरडा रस्ता, ड्रायव्हरला धोका दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद. ३० ने येणारी गाडी त्या सेकंदात ८ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर अजून ५, म्हणजे १३ मीटरवर थांबलेली असते. ५० ने येणारी गाडी त्या पहिल्या सेकंदातच १४ मीटर जाते. म्हणजे जिथे पहिली गाडी थांबून उभी आहे तिथे दुसरीने अजून ब्रेकला पायही लावलेला नाही, ती तिथून पूर्ण ५० नेच जाणार. दोन आडव्या पट्ट्या, एकाखाली एक, आणि १३ मीटरवर एक लहान आकृती. बस.

रातकिडा

अंगावर काटा आला. ही पहिली स्लाइड. नमस्कार, आम्ही अमुक, वगैरे सगळं हिच्यानंतर.

कानामात्रा

तांत्रिक बाजू कुणीच बोलत नाहीये म्हणून मी. गेल्या वर्षी माझं स्वतःचं झालंय. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये मराठी टाइप केलेलं, घरी सुंदर दिसत होतं, सभागृहातल्या लॅपटॉपवर तो फॉन्टच नव्हता आणि पडद्यावर नुसती रोमन अक्षरं, मधे कंस, मधे टक्क्याची चिन्हं. मी पाच मिनिटं "इथे असं लिहिलंय की" करत होतो. म्हणून युनिकोडच वापरा, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट आहेत. शिवाय पीडीएफ करून पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा, त्यात फॉन्ट आतच राहतो.

देवनागरीला दोन ओळींत अंतर जास्त द्या, नाहीतर वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांच्या अंगावर चढतात. काही फॉन्टात हिंदी वळणाचा ल आणि श येतो, मला तो टोचतो, तुम्हाला नसेल टोचत तर सोडून द्या.

फिक्या पार्श्वभूमीवर पिवळी किंवा करडी अक्षरं नकोत, प्रोजेक्टर जुना असला की ती गायबच होतात. लाल-हिरवा असा भेद फक्त रंगाने दाखवू नका, काही लोकांना तो दिसत नाही. स्तंभालेख काढलात तर शून्यापासून सुरू करा, मधूनच सुरू केलेला आलेख पकडला गेला की बाकी खरे आकडेही खोटे वाटायला लागतात.

स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवर बी दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की येतो. कुणी प्रश्न विचारला की काळा करा, सगळे तुमच्याकडे बघतील. आणि आक्षेपांच्या, परदेशांच्या सगळ्या स्लाइड्स शेवटच्या स्लाइडच्या मागे ठेवा, विचारलं तरच नंबर टाइप करून एंटर, थेट तिथे जाता येतं. बघणाऱ्याला वाटतं बाई तयारीची आहे.

मास्तरीण

कानामात्रा, उपयोगी. एक माझी भर, पडद्यावरचं वाक्य जसंच्या तसं वाचू नका. डोळे एका वेगाने वाचतात आणि कान दुसऱ्या वेगाने ऐकतात, दोन्ही एकाच शब्दांवर लावले की माणूस दोन्हीकडून सुटतो. पडद्यावर चित्र असलं की तोंडाने सांगा, पडद्यावर वाक्य असलं की दोन सेकंद गप्प बसा.

भिंतीवरची_पाल

ते १०-२०-३० वालं कुणी सांगितलं नाही अजून? दहा स्लाइड्स, वीस मिनिटं, तीसचा फॉन्ट. गाय कावासाकी नावाच्या अमेरिकन लेखकाचा नियम.

रातकिडा

ते गुंतवणूकदारांकडे पैसे मागायला जाणाऱ्यांसाठी सांगितलेलं आहे. तीसचा फॉन्ट घ्या, बाकी सोडा. ताईंकडे दहा मिनिटं आहेत, त्यातली पाच बोलायची आणि पाच त्यांना बोलू द्यायची. स्वतः निर्णय घेतला असं वाटायला त्यांना बोलायला वेळ लागतो.

अर्धविराम

मसुदा टाकतेय, फाडा.

१. "३० ची गाडी थांबलेली असते तिथे ५० च्या गाडीने ब्रेकही लावलेला नसतो." (दोन पट्ट्या)
२. गुडघ्यावर बसून काढलेला फोटो, शब्द नाहीत.
३. "शाळा सुटताना ११२ पैकी ७१ गाड्या मर्यादेच्या वर होत्या." (ठिपक्यांचं चित्र, एक ठिपका एक गाडी)
४. "जागतिक आरोग्य संघटना: सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो."
५. "हेलसिंकीत २०१९ मध्ये एकही पादचारी रस्त्यावर दगावला नाही."
६. "१९ सेकंद."
७. "शाळेपुढच्या ४०० मीटरवर तीन महिने ३० ची मर्यादा, प्रयोग म्हणून. आज मंजुरी द्यावी."
८. धन्यवाद.

उलटतपासणी

५ मागे टाका. "तो देश वेगळा" हे वाक्य माझ्या ओठांवर तयारच होतं. विचारलं तर दाखवा, आणि तेव्हा हेही सांगा की फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमच्या जाहीरनाम्यात देशोदेशींच्या मंत्र्यांनी पायी चालणारे आणि गाड्या एकत्र येतात तिथे ३० ची शिफारस केलीय. ४ पण मागे. तुमच्या रस्त्याच्या ११२ गाड्यांपुढे जगाचा टक्का फिका पडतो.

मास्तरीण

८ उडवा. "धन्यवाद" स्लाइड प्रश्नोत्तरांची पाच मिनिटं पडद्यावर नुसती बसून राहते. ७ तशीच ठेवा, चर्चा होईल तेवढा वेळ त्यांच्या डोळ्यापुढे तेच वाक्य.

टिंबटिंब

७ मध्ये प्रयोग फसला हे कसं ठरवणार तेही एका ओळीत लिहा. "तीन महिन्यांनी पंच्याऐंशीवा वेग ३५ च्या खाली आला नाही तर बोर्ड काढावेत." हरायची तयारी दाखवलेल्या माणसावर विश्वास बसतो.

अर्धविराम

हे लिहायला हात जड होतोय, पण लिहिते.

जुना_प्रोजेक्टर

धागा वर काढतोय. काय झालं ताई? झाली असेल ना मीटिंग?

अर्धविराम

झाली. उशिरा लिहितेय, माफ करा.

पहिली स्लाइड लागली आणि मी ठरल्याप्रमाणे गप्प बसले. ते दोन सेकंद फार लांब होते. एक सदस्य चष्मा पुसून पुढे झुकले. फोटोवर अध्यक्षांनी विचारलं, "हा आपलाच रस्ता?" मी साडेचार मिनिटांत संपवलं. मग एकांनी विचारलं की मोबाइलचं माप खरं कशावरून, तर त्या मोटरसायकलचा व्हिडिओ लावला, नंबर प्लेट झाकून, आणि हळूहळू फ्रेम फ्रेम पुढे नेली. अँब्युलन्सचा प्रश्न आलाच, मागची स्लाइड नंबर टाकून उघडली (कानामात्रा, हात थरथरत होते, आधी चुकीची उघडली). टिंबटिंबची ओळ वाचून एक बाई म्हणाल्या की हे तुम्हीच लिहिलंय म्हणजे आम्हाला लिहायला नको.

पूर्ण नाही मिळालं. तीन महिन्यांऐवजी सहा आठवडे, फक्त शाळा भरताना आणि सुटताना, आणि मोजताना समितीचा एक माणूस सोबत असेल. सात जणांत पाच हो, दोन नाही. माझा नवरा म्हणतो अर्धवट मिळालं. मला अजून ठरवता येत नाहीये.

रातकिडा

मला विचाराल तर हँडल निघालं. अभिनंदन!!

उलटतपासणी

मी दोन "नाही" वाल्यांत नसतो. बहुतेक.

खडूचा_तुकडा

अभिनंदन ताई. आता नीट ऐका, खरं काम इथून आहे. "आधी" आणि "नंतर" एकाच जागी, त्याच वारी, त्याच वेळी मोजायचं, आणि बोर्ड लागायच्या आधी समितीच्या माणसासमोर एकदा परत मोजून घ्या, नाहीतर नंतर म्हणतील की आधीचे आकडे तुमचे. खडूच्या खुणा आहेत ना शिल्लक?

अर्धविराम

पावसाने गेल्या. पण पहिली खूण विजेच्या खांबापाशी होती आणि दुसरी फाटकाच्या जरा पुढे. आज टेप लावून खांब ते फाटकाची कडी असं मोजलं, ४७ मीटर ६० सेंटिमीटर. म्हणजे ३० ला किती सेकंद?

खडूचा_तुकडा

५.७. खांब आणि कडी दोन्ही पुसली जात नाहीत, हेच ठेवा. कडी मात्र फाटक बंद असतानाची धरा.